परत आल्यानंतरची पानं

अपहरणावरची कादंबरी वाचून संपवलेल्या कुणालाही विचारा, कशी वाटली. उत्तराच्या आधी प्रश्नच येतो: ती पळून का गेली नाही? आमच्या फोंड्याच्या वाचन मंडळात तो कोकणीतून आला, "पळून कित्याक गेली ना गो ती?" आणि एकदम तिघांकडून आला. विचारणारी माणसं साधी, पापभीरू, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. तरी प्रश्नाला एक धार होती, आणि ती कोंडून ठेवणाऱ्याच्या दिशेनं वळलेली नव्हती.

मंडळ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी वसरीवर बसायचं, ठरलेल्या पुस्तकावर बोलायचं, आणि चहा-बन्स येईपर्यंत विषय पंचायतीवर नाहीतर मासळीच्या भावावर घसरलेला असतो. निवृत्त मास्तर आहेत, बँकेतल्या एक बाई आहेत, पर्वरीला फ्लॅट दाखवायचं काम करणारी एक तरुण मुलगी आहे. आणि एक वहिनी आहेत, ज्या स्वतः इंग्रजी वाचत नाहीत. जेवणं आटोपली की सून त्यांना रोज थोडी थोडी गोष्ट सांगते. ती त्यांच्या डोक्यात आमच्या वाचण्यापेक्षा पक्की बसते.

या वेळचं पुस्तक होतं 'स्टिल मिसिंग', चेवी स्टीव्हन्स या कॅनडातल्या लेखिकेची २०१० सालची पहिली कादंबरी. व्हँकूव्हर बेटावर घरं विकणारी ॲनी, वय बत्तीस. विकायचं घर लोकांना पाहायला खुलं ठेवून ती दिवसभर बसलेली असते आणि आवरायच्या वेळेला शेवटचं गिऱ्हाईक येतं. हसतमुख, नीटनेटका माणूस. तो तिला तिथूनच उचलतो आणि डोंगरातल्या एका खोपटात वर्षभर कोंडून ठेवतो. हे सगळं ती परत आल्यावर आपल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना सांगते; एक प्रकरण म्हणजे एक बैठक. त्या बाई पुस्तकात एक अक्षर बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या खुर्चीत वाचकच बसलेला असतो. आणि ॲनी सुटली, हे या वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं.

घरं दाखवणाऱ्या मुलीनं पहिलं प्रकरण वाचून पुस्तक आठवडाभर मिटून ठेवलं होतं. तिची गिऱ्हाईकं बहुतेक दिल्ली-बंगळूरची, गोव्यात दुसरं घर घ्यायला आलेली. फ्लॅट रिकामे, इमारती अर्ध्या वसलेल्या. ती काय करते ते तिनं सांगितलं, अगदी सहज, जसं कुणी स्वयंपाकाची कृती सांगावी. गिऱ्हाईक पुढं, आपण मागं. बेडरूममध्ये पाऊल टाकायचं नाही, दारातूनच बोट दाखवायचं, वॉर्डरोब तिथं, एसीचा पॉइंट इथं. मुख्य दार सताड उघडं ठेवायचं आणि कुलूप पर्समध्ये टाकायचं, कडीला लटकत सोडायचं नाही. वर जाण्याआधी वॉचमनला नावानं हाक मारायची, गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशी. "हे तुला शिकवलं कुणी?" बँकेतल्या बाईंनी विचारलं. कुणीच नाही. लेखिकाही आधी हेच काम करायची आणि रिकाम्या घरात गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेली असतानाच तिला ही गोष्ट सुचली, हे मी सांगितलं तर त्या मुलीला अजिबात नवल वाटलं नाही. "मग ॲनीचं चुकलं काय?" मास्तरांनी विचारलं. "काही नाही चुकलं. उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला आपण नाही म्हणत नाही. कमिशन असतं ना, सर."

पळून का गेली नाही, याचं उत्तर पुस्तकात जागोजागी आहे. खोपट बंद, किल्ल्या त्याच्याकडं, बाहेर जंगल. पण भिंती आणि किल्ल्या फार तर पहिल्या महिन्याचं उत्तर देतात. पुढचं उत्तर वेळापत्रकात आहे. जेवायचं कधी, आंघोळ कधी, एवढ्यावर तो थांबत नाही. लघवीला कधी जायचं हेही तोच ठरवतो. ठरलेल्या वेळा सोडून गेलात तर शिक्षा. सुटून आल्यावरही ॲनीला स्वतःच्या घरात, तिथं दुसरं कुणी नसताना, त्याच्या वेळांबाहेर जाता येत नाही. रात्री तिला पलंगावर झोप लागत नाही म्हणून ती कपाटात जाऊन झोपते. पळायला पाय लागतात हे खरं, पण आधी आपले पाय आपले आहेत असं वाटावं लागतं, आणि वर्षभर दुसऱ्याला विचारून मुतणाऱ्या माणसाला तसं वाटत नाही. हे वाक्य मी मंडळात असंच उच्चारलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला, पण मान डोलावली.

खऱ्या आयुष्यातही हाच प्रश्न विचारला गेला आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीची एलिझाबेथ स्मार्ट १४ वर्षांची असताना, जून २००२ मध्ये, रात्री घरातल्या बिछान्यावरून उचलली गेली. नऊ महिन्यांनी, मार्च २००३ मध्ये, ती सापडली. मधल्या काळात चेहरा झाकून तिला तिच्याच शहरात लोकांमधून फिरवलं होतं. एकदा तर सार्वजनिक ग्रंथालयात एक पोलीस अधिकारी पुढ्यात येऊन उभा राहिला, हिचा चेहरा बघू द्या म्हणाला. नेणाऱ्यानं धर्माचं कारण पुढं केलं आणि अधिकारी निघून गेला. मुलगी गप्प राहिली. तू बोललीस तर तुझ्या घरच्यांना मारीन, हे ती रोज ऐकत होती. आणि ज्यानं एकदा मध्यरात्री तिच्या घरात शिरून दाखवलं होतं, त्याच्या बोलण्यावर तिनं विश्वास का ठेवू नये? पुढं तिला वर्षानुवर्षं विचारलं गेलं, ओरडली का नाहीस.

व्हिएन्नाच्या नताशा काम्पुशची गोष्ट तर आणखी कठीण आहे. २ मार्च १९९८ ला शाळेत जाताना दहा वर्षांची ही मुलगी व्हॅनमध्ये ओढली गेली आणि गॅरेजखालच्या तळघरात ठेवली गेली. २३ ऑगस्ट २००६ ला गाडी साफ करता करता, तो माणूस फोनवर बोलत बाजूला गेला तेवढ्यात, ती पळाली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच दिवशी त्या माणसानं रेल्वेखाली जीव दिला. ते कळल्यावर ती रडली, आणि त्याच्याबद्दल बोलताना तिनं त्याला सरसकट राक्षस म्हणायचं नाकारलं. झालं. सुरुवातीला जिच्यासाठी आख्खा देश हळहळला होता तिच्यावर शंका सुरू झाल्या, घाणेरडी पत्रं येऊ लागली. पुढं ज्या घरात तिला कोंडलं होतं ते घर तिच्याच मालकीचं झालं, त्यावरूनही बोलणी खावी लागली. म्हणजे ती सुटेपर्यंत सगळ्यांची होती. परत येऊन तोंड उघडल्यावर, तेही लोकांना हवं तसं नाही हे दिसल्यावर, लोकांचा विरस झाला.

इथं मास्तरांनी स्टॉकहोम सिंड्रोम काढला. तो काढल्याशिवाय असली चर्चा पुरी होत नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत दरोडेखोरानं चार जणांना सहा दिवस ओलीस धरलं आणि ओलीस त्याचीच बाजू घेऊ लागले, इतपत सगळ्यांना माहीत असतं. त्यांतली एक, क्रिस्टिन एन्मार्क, हिनं थेट पंतप्रधान ओलॉफ पाल्मे यांना फोन लावून, आम्हाला यांच्याबरोबर जाऊ द्या, असं विनवलं होतं. तिला भीती वाटत होती ती पोलीस आत घुसून गोळ्या चालवतील याची. ती भीती अगदीच वेडगळ म्हणता येईल का? या वागण्याला आजाराचं नाव मिळालं निल्स बेजेरोट यांच्याकडून, जे त्या वेळी पोलिसांना सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ होते. मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा आजार कधी आलाच नाही. वाचकांना मात्र तो हाताशी ठेवायला फार आवडतो. एकदा सिंड्रोम म्हटलं की त्या बाईला वाटलं काय, हे विचारायची गरज उरत नाही.

मास्तर गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. ते फारियावर आले, आणि गोव्याच्या माणसानं या विषयात फारियावर यावंच. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला अबे फारियाचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, १९४५ सालचा. अंगावर घोळदार झगा, दोन्ही हात पुढं ताणलेले, आणि पायाशी मागच्या मागं कोसळणारी बाई. बाहेरून आलेल्या लोकांना तो तिचा गळा दाबतोय असंच वाटतं. मी स्वतः एका कुटुंबाला तसं म्हणताना ऐकलंय, आणि त्यानंतर त्या पुतळ्याबरोबर त्यांनी हसत फोटोही काढले. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा पाद्री पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग करत होता. त्या काळी मानलं जायचं की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काही अदृश्य शक्ती निघते. फारियानं ते खोडून काढलं. शक्ती माझ्या हातात नाही, झोपी जाणाऱ्याच्या मनात आहे, असं त्याचं प्रतिपादन. १८१९ साली, मृत्यूच्या वर्षी, त्याचा ग्रंथ आला. नंतर फ्रेंच कादंबरीकार ड्यूमानं त्याचं नाव उचललं, इटालियन केलं आणि 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मध्ये किल्ल्यातल्या तुरुंगात नेऊन बसवलं. जगाला कांदोळीचा फारिया ठाऊक आहे तो कैदी म्हणून, एका कोंडवाड्याच्या कादंबरीतला. असो.

मास्तरांचा मुद्दा असा, की फारियाचं खरं मानलं तर कोंडलेल्या मुलीचं मनही कुठंतरी तयार झालं असणार. युक्तिवाद हुशार आहे आणि म्हणूनच मला भयंकर वाटला. फारियासमोर बसायला लोक आपल्या पायांनी येत. खेळ संपला की उठून घरी जात. दाराला बाहेरून कुलूप घालून कुणाचं मन तयार करता येतं, असं काही त्यानं म्हटलेलं नाही. मनाची ताकद मानायची तर ॲनीच्या मनानं ती खर्च केली जिवंत राहण्यावर. तिथं मूल जन्मतं आणि मरतं, आणि त्यानंतरही ती जगते. त्या पानांवर मी थांबले, पुढं जाववेना. मास्तर थांबले नव्हते. त्यांना पुढं काय होतं ते हवं होतं.

आणि पुढं जे होतं त्याबद्दल सगळ्यांची तक्रार एकच, दुसरा भाग रेंगाळतो. खोपटातलं सगळं भराभर वाचलं गेलं, बँकेतल्या बाईंनी तर एका रात्रीत. परत आल्यानंतरचं मात्र चिवट लागलं. तीच ती कुलपं तपासणं, तेच ते कपाट, आईशी तीच भांडणं, मित्राला जवळ येऊ न देणं. मास्तरांनी हिशेब मांडला: "हे गाळलं तर पुस्तक निम्म्यात बसतं. मी गाळलंच." ॲनीवरही लोक वैतागले होते. चिडकी आहे, शिवराळ आहे, मदत करणाऱ्यांवरच डाफरते. एवढं सोसून आलेली बाई कशी, जरा सोशिक वाटायला हवी.

मला उलट वाटलं. अपहरणाचा भाग लिहिणं त्या मानानं सोपं आहे. भीती स्वतःच पानं उलटवते. रेंगाळणं लिहायला धीर लागतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली अशा सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षित वाटणं, मग आठवून शोक करणं, आणि शेवटी पुन्हा माणसांत येणं. यातला पहिलाच टप्पा बाहेरच्यांना दिसत नाही, कारण बाहेरच्यांच्या लेखी बाई घरी आली तेव्हाच सुरक्षित झाली. हर्मन यांचा भर आणखी एका गोष्टीवर आहे. ज्याच्याकडून सगळा ताबा काढून घेतला गेला त्याच्या हातात तो परत द्यायचा. त्याच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा आपण घ्यायचा नाही. आपल्याकडं तर भल्यासाठी ताबा घेणं हाच प्रेमाचा पुरावा मानतात.

आमच्या वाड्यावरची एक बाई आखातात गेली होती. एजंटानं सांगितलं होतं, म्हाताऱ्या बाईची शुश्रूषा. प्रत्यक्षात तीन मजली घराचं सगळं काम, पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात, फोन आठवड्यातून एकदा आणि तोही कुणीतरी शेजारी उभं असताना. हे कुणी अपहरण म्हणणार नाही; ती सही करून गेली होती. ती परत आली तेव्हा बायका भेटायला गेल्या, मीही गेले. पहिली चौकशी काय आणलंस याची. सोनं किती, पैसे किती साठले. तिनं काहीच आणलं नव्हतं. मग चौकशी थोडी बदलली: मग आधीच का नाही आलीस?

पण मला आठवतं ते दुसरंच. आम्ही बसलो असताना ती सरबत करायला उठली. फ्रिजपाशी गेली, मूठ धरली आणि तशीच उभी राहिली. मान अर्धी वळवून सासूला म्हणाली, "उगडूं?" सासू हसली. अगो, तुझंच घर नव्हे? बाकीच्याही हसल्या. तिनं फ्रिज उघडला, लिंबं काढली, दार लावून घेतलं. पुन्हा बर्फासाठी गेली, पुन्हा मान वळवून विचारलं. या वेळी हसणं जरा कमी झालं. पुढं कितीतरी दिवस ती विचारत असे, हे मला तिच्या जावेनं सांगितलं, थोडं वैतागून. लाड झाले म्हणे. एजंट अजून गावात फिरतो, त्याला कुणी काही विचारत नाही.

कादंबरीतल्या बैठका वाचताना मला सारखं वाटत होतं की आखातातून आलेल्या त्या बाईला बांबोळीला न्यावं असं कुणी सुचवलं असतं तर? मानसोपचाराचं मोठं सरकारी इस्पितळ तिथं आहे. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर होतं तेव्हा त्याला फारियाचंच नाव होतं, हा एक योगायोग. पण त्या इस्पितळाचं नाव काढलं की अजून आपल्याकडं आवाज खाली येतो, जणू नाव घेतल्यानं आजार चिकटेल. तिला नेलं नाहीच. देवळात नेलं, कौल लावला, नारळ दिला. कौल लावण्याला माझी हरकत नाही. देवासमोर बाईला निदान न अडवता बोलता येतं. पण तिथंही तिच्या वतीनं सासूच बोलली.

वहिनींची प्रतिक्रिया आम्हा वाचणाऱ्यांपेक्षा निराळी होती, बहुधा गोष्ट कानांनी घेतल्यामुळं. त्या म्हणाल्या, पळाली का नाही हे काय विचारता, रामानं काय विचारलं ते आठवा. लंकेतून सोडवल्यावर राम सीतेला सांगतो, हे युद्ध तुझ्यासाठी केलं नाही, कुळाच्या नावासाठी केलं. आता तू कुठंही जायला मोकळी आहेस. वाल्मीकींच्या युद्धकांडात हे स्पष्ट आहे, भरताकडं जा, लक्ष्मणाकडं जा, इथवर. मग अग्निपरीक्षा. आणि तीही पुरली नाही, अयोध्येत पुन्हा कुजबुज झालीच. रामायण ऐकणाऱ्यांत पुरुषांनी काय ते मान्य केलं असेल, जात्यावर बसलेल्या बायकांनी ओव्यांमध्ये रामाला हलक्या दिलाचा म्हणून ठेवलंय आणि सीतेला हिरकणी. श्रोत्यांची प्रतिक्रिया म्हणून यापेक्षा रोखठोक मला दुसरी माहीत नाही.

गंमत अशी, की ज्या गोव्यात हे बोलणं चाललं होतं तिथं हरण, म्हणजे बाईला पळवून नेणं, हा जत्रेतला सर्वांत लाडका विषय. किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' १८८२ चं. अजून देवळाच्या मांडवात गावातली पोरं तालमी करून ते उभं करतात, आणि सुभद्रा कधी एकदा अर्जुनाच्या हाती लागते म्हणून प्रेक्षक पहाटेपर्यंत बसतात. रुक्मिणीनं तर स्वतः पत्र धाडून कृष्णाला बोलावलं. लग्न जमावं म्हणून मुलींकडून रुक्मिणी स्वयंवराची पोथी वाचून घेतात. ही हरणं बायकांच्या मनासारखी होती, म्हणून ती गोड. पण ऐकणाऱ्याच्या कानाला सवय लागते, की हरण म्हणजे शेवटी लग्न, मंगलाष्टका, पडदा. पडदा पडल्यावर सुभद्रेला रात्री दचकून जाग येते का, हा प्रश्न नाटकात येऊच शकत नाही. सीतेच्या गोष्टीत येतो, म्हणून सीतेवर पहाटेपर्यंत चालणारं गोड संगीत नाटक होत नाही.

आणि सरकारनंही या कामात हात घालून पाहिलाय. फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये भारतात कायदा झाला. तो १९५७ पर्यंत होता. मृदुला साराभाईंसारख्या कार्यकर्त्यांनी जीव तोडून काम केलं, हजारो बायका शोधल्या. पण त्या कायद्यात मुलगा सोळा वर्षांखालचा असेल तरच पळवलेला धरला जाई, आणि बाई मात्र कुठल्याही वयाची. तिला जायचं आहे की नाही, हे विचारणं कायद्याला बंधनकारक नव्हतं. काहींच्या घरच्यांनी दार उघडलं नाही, काहींना तिकडं मुलं झाली होती. परत आणलं, नोंद झाली, फाइल बंद. त्यांची पुढची पानं बऱ्याच काळानंतर, तीही मोजक्या लोकांनी, वाचली.

बँकेतल्या बाईंना एवढंच हवं होतं: "हे खरं घडलंय का?" खरं असेल तर त्यांना वाईट वाटून घ्यायचं होतं, कल्पित असेल तर निवांत कौतुक करायचं होतं. कल्पित आहे, मी म्हटलं. पण २०१० या एकाच वर्षात ही कादंबरी आली, काम्पुशचं आत्मकथन आलं, आणि ऑस्ट्रियातल्याच एका तळघराच्या प्रकरणावरून सुचलेली एमा डोनोह्यूची 'रूम' ही कादंबरीही आली. दुकानात ही तिन्ही शेजारीशेजारी मांडलेली असली तर कुठलं खरं आणि कुठलं रचलेलं हे मुखपृष्ठांवरून कळलं नसतं. घेणाऱ्यांनाही तितकासा फरक पडला नसावा.

आता ज्यांना ही कादंबरी वाचायची आहे त्यांनी पुढचं सोडून द्यावं, कारण शेवट सांगतेय.

ॲनीच्या अपहरणामागं तिच्या आईचा हात निघतो. लेक काही दिवस गायब होईल, बातम्या येतील, पैसा येईल, आपल्यालाही लोक ओळखू लागतील, असा तिचा बेत. ज्याला काम दिलं तो माणूस बेताबाहेरचा निघाला. हे कळल्यावर मंडळात जो संताप उसळला तसा त्या नराधमाच्या वाट्याला आख्ख्या पुस्तकभर आला नव्हता. त्याचं काय, तो विकृतच होता, असं म्हणून सगळे मोकळे झाले होते. आईला मात्र कुणी सोडलं नाही. बँकेतल्या बाईंचा आवाज कापत होता. मास्तरांनी तर 'कैकेयी परवडली' म्हणून टाकलं. बाईवर राग काढायला आपल्याला बाई सापडली की बरं असतं, हा माझा आगाऊपणा मी तिथं बोलून दाखवला नाही. इथं दाखवते.

बोलले ते दुसरं. आईची नियत वाईट, पण अंदाज चुकला होता का? तिचा सगळा जुगार एका समजुतीवर उभा होता, की पळवून नेलेल्या मुलीची गोष्ट लोक विकत घेतात. लोक म्हणजे कोण? खोपट एका रात्रीत वाचून काढणारे आपण. आणि तिला हेही नेमकं ठाऊक होतं, की मुलगी परत आल्यावर काही दिवसांनी गिऱ्हाईक उठून जातं, म्हणून जे मिळवायचं ते लवकर.

जरा वेळ कुणी काही बोललं नाही. घरं दाखवणारी मुलगी म्हणाली, "म्हणजे आई माझ्याच धंद्यातली." वहिनी हसल्या. मग मास्तरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "असं असेल तर तुमच्या लेखिकेनं वेगळं काय केलं? तिनंही हीच गोष्ट विकली."

याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. तिनं परत आल्यानंतरचंही लिहिलं, मी म्हटलं, आणि ते गोड न करता लिहिलं. विकलं जाणार नाही अशी तेवढी पानं तिनं पुस्तकात घातली.

"हां," मास्तर म्हणाले, "तीच मी गाळली."